जुनी फोर बाय फोर घरी उभी करताना: कामाचा क्रम, चासी आणि पुढचा धुरा

पाट्यांवर (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगवर) बसलेली, शिडीसारखी चासी (खालचा सांगाडा) असलेली जुनी फोर बाय फोर ही हौशी माणसाने घरी हात घालायला फार चांगली गाडी आहे. विलीज आणि तिच्या वंशातल्या जीपा, लँड रोव्हरच्या सिरीज गाड्या, टोयोटाच्या ४० सिरीज लँड क्रूझर, सुझुकीच्या छोट्या एसजे, सगळ्यांची मूळ मांडणी सारखीच. खाली चासी, दोन अखंड धुरे, चार कोपऱ्यांना पाटे, मध्ये गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या धुऱ्यांत वाटणारी पेटी), वर बोल्टांनी आवळलेली बॉडी. जवळजवळ प्रत्येक भाग वेगळा काढता येतो, डोळ्यांनी बघता येतो, मोजता येतो.

तरीही अशा गाड्या अर्धवट सुट्या होऊन वर्षानुवर्षं पडून राहतात, आणि बहुतेक वेळा कारण एकच असतं: पहिल्या उत्साहात सगळी गाडी एकदम उघडलेली असते. सहा महिन्यांनी कुठला बोल्ट कुठला हे आठवत नाही, गाडी हलवता येत नाही, आणि काम डोंगराएवढं दिसायला लागतं. म्हणून माझा आग्रह असा की गाडी शक्यतो तिच्या चाकांवरच ठेवावी, एका वेळी एकच भाग उघडावा आणि तो पूर्ण बसल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये. क्रमही ठरलेला असावा: आधी चासी, मग धुरे आणि स्टिअरिंग, मग ब्रेक, मग गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस, मग इंजिन, वायरिंग, आणि रंग अगदी शेवटी. इंजिनाचं कॉम्प्रेशन तेवढं सुरुवातीलाच तपासून घ्यावं, कारण किती काम अंगावर येणार आहे हे त्यावरून कळतं.

सोडायला घेण्याआधी

गंजलेले बोल्ट दोन-तीन दिवस आधीपासून रोज भिजवायचे. बाजारातलं भेदक तेल चालतं, किंवा अॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल समभाग मिसळून वापरता येतं. हे मिश्रण भडकन पेट घेतं, त्यामुळे ज्या दिवशी गॅसची ज्योत किंवा ग्राइंडर चालणार त्या दिवशी ते आसपास नको. बोल्ट सोडताना आधी किंचित आवळायचा, गंजाचा थर तुटल्याची टचकन जाणीव झाली की मग उलटा फिरवायचा. उष्णता द्यायचीच तर नटाला द्यायची, बोल्टाला नाही. नट फुगला पाहिजे. ब्रेकच्या भागांना ज्योत लावण्याआधी आतलं रबर आणि तेल काढलेलं हवं. निघालेला प्रत्येक बोल्ट शक्य असेल तर त्याच्याच भोकात दोन आटे परत फिरवून ठेवायचा. नाहीतर पिशवी, त्यावर नाव, आणि सोडण्यापूर्वीचा फोटो.

जॅकबद्दल एक गोष्ट या गाड्यांत वेगळी आहे. विलीज आणि सिरीज लँड रोव्हरचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो, तो ट्रान्सफर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर (धुऱ्याकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्यावर) काम करतो. एक मागचं चाक उचललं की डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरमुळे) ते चाक मोकळं फिरतं, आणि जमिनीवरचं चाकही गाडीला धरून ठेवू शकत नाही. हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी जॅकवरून सरकते. म्हणून जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी (अडसर) लावायच्या, आणि गाडीखाली जायचं ते घोड्यांवर (जॅक स्टँडवर) टेकवल्यानंतरच.

चासी

रंग फसवतो, आवाज फसवत नाही. छोटी हातोडी घेऊन चासी टोकापासून टोकापर्यंत वाजवत जायची. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. बद्द वाजला तिथे जुना स्क्रूड्रायव्हर जोर देऊन टोचायचा. आरपार गेला तर वाईट वाटून घेऊ नये, भोक आधीपासूनच होतं. चिखल आणि पाणी जिथे साचतं तिथे आधी बघायचं: पाट्यांचे हँगर (पाटा चासीला जोडणारे कंस), मागची आडवी पट्टी, बॉडी टेकणारे बाहेरचे हात, आणि जिथे दोन पत्रे एकमेकांवर आलेत त्या सगळ्या जागा. पेटीसारखी बंद चासी आतून कुजते. खालच्या बाजूची निचऱ्याची भोकं बुजली असतील तर खालचा पत्रा नक्की तपासावा.

कापाकापीआधी चासी सरळ आहे का ते मोजायचं. त्यासाठी मशीन लागत नाही, ओळंबा पुरतो. गाडी सपाट फरशीवर घोड्यांवर समतल करायची. चासीवर डाव्या आणि उजव्या बाजूला कारखान्यातच पाडलेली भोकं समोरासमोर असतात. अशा चार-पाच जोड्या निवडून प्रत्येक भोकातून ओळंबा सोडायचा, जमिनीवर जिथे टोक येईल तिथे खडूने फुली मारायची. मग गाडी बाजूला ढकलली तरी चालते. फरशीवर तुमच्या चासीचा नकाशा उमटलेला असतो. प्रत्येक चौकोनाचे दोन्ही कर्ण टेपने मोजायचे. दोन-तीन मिलिमीटरचा फरक ओळंब्याच्या झोक्यातच येऊ शकतो. पाच-सहा मिलिमीटरच्या पुढे फरक गेला की चासी तिरकी झाली आहे असं समजून आधी ते सरळ करून घ्यायचं. तिरक्या चासीवर नवा हँगर वेल्ड केला तर धुरा कायमचा तिरका बसतो, आणि मग स्टिअरिंग कितीही जुळवलं तरी गाडी एका बाजूला ओढत राहते.

वेल्डिंगसाठी घरी मिग (तार आपोआप पुरवणारं वेल्डिंग) सोपं पडतं. फरशीच्या पातळ पत्र्याला ०.६ मिलिमीटरची तार, चासीला ०.८ ची. कुजलेला भाग चकचकीत धातू लागेपर्यंत कापून काढायचा. गंजावर ठिगळ लावलं तर कडेने परत तुटतं. चासीचं ठिगळ मूळ पत्र्याच्याच जाडीचं हवं, आणि कोपरे गोल. चौकोनी कोपऱ्यातून तडा सुरू होतो. पातळ पत्र्यावर सलग ओढ मारायची नाही: आधी टाके, मग एक इंच इथे, एक इंच तिथे, मध्ये थंड होऊ द्यायचं, नाहीतर पत्रा लाटेसारखा वाकतो. बॅटरीच्या दोन्ही वायर आणि अल्टरनेटर आधी सोडायचा. गॅल्व्हनाइज्ड भाग असेल तर जस्ताचा थर घासून काढूनच वेल्ड करावा, जस्ताच्या धुराने ताप भरतो. इंधनाची टाकी गाडीवर असताना तिच्या जवळ ठिणगी नकोच, आणि रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, कारण आत वाफ असते.

वेल्ड झाल्यावर बाहेरून इपॉक्सी प्रायमर, सांध्यांत सीलर, आणि पेटीच्या आत लांब नळीने मेण फवारायचं. आतल्या बाजूचं हे काम रंगाहून महत्त्वाचं आहे. ते झालं की निचऱ्याची भोकं तारेने परत मोकळी करायला विसरू नये. चासी नंबर घासण्याआधी त्याचा कागदावर पेन्सिलने ठसा घ्यायचा आणि तेवढा भाग ग्राइंडरपासून लांब ठेवायचा.

पाटे

पाट्यांचे जुडगे सुटे करून, तारेच्या ब्रशने घासून, मध्ये ग्रॅफाइट ग्रीस लावून परत बांधता येतात. तडा बहुधा मधल्या बोल्टाच्या भोकापाशी असतो, तिथे भिंग लावून बघावं. यू-बोल्ट मात्र नवेच घालायचे. एकदा ताणलेला आटा पुन्हा तसा पकड घेत नाही. बसवताना मधल्या बोल्टाचं डोकं धुऱ्याच्या बैठकीतल्या भोकात खरोखर बसलंय का ते बघायचं, ते कडेवर टेकून राहिलं तर धुरा पुढेमागे सरकतो. यू-बोल्ट फुलीच्या क्रमाने थोडे थोडे आवळायचे.

रबरी बुश असतील तर शॅकलचे (पाट्याच्या टोकाच्या झुलत्या दुव्याचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी राहून वजन आल्यावरच पूर्ण आवळायचे. हवेत लटकलेल्या स्थितीत आवळले तर रबर त्या कोनात घट्ट धरलं जातं, गाडी खाली आली की पिळतं, आणि काही महिन्यांत फाटतं. नवे बुश लवकर गेल्याच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथे असतं.

पुढचा धुरा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. वेगात किंवा खड्ड्यानंतर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना जोरात थडथडायला लागतं, गाडी थांबवल्याशिवाय थांबत नाही, हा या गाड्यांचा जुना रोग. लोक आधी स्टिअरिंग बॉक्स आवळतात किंवा डॅम्पर बसवतात. त्याने लक्षण दबतं. झीज असते किंग पिनच्या (ज्या खुंटीवर पुढचं चाक वळतं तिच्या) बेअरिंगमध्ये, टाय रॉडच्या (दोन्ही पुढची चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या) टोकांत, चाकाच्या बेअरिंगमध्ये नाहीतर पाट्यांच्या बुशमध्ये, आणि बहुधा यातल्या दोन-तीन जागी थोडी थोडी.

कुठे आहे ते शोधायची पद्धत सोपी आहे. चाक उचलायचं, वर आणि खाली हात धरून हलवायचं. खेळ जाणवला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगायचा आणि पुन्हा हलवायचं. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर चाकाचं बेअरिंग ढिलं आहे. राहिला तर किंग पिन. डावी-उजवी बाजू धरून हलवल्यावर खेळ दिसला तर टाय रॉडच्या टोकावर बोट ठेवायचं, तिथला खटका बोटाला लागतो.

बंद गोळ्याच्या नकलमध्ये (धुऱ्याच्या टोकाच्या, चाकासोबत वळणाऱ्या भागात) किंग पिनची घट्टी शिमने, म्हणजे पातळ चकत्यांनी, ठरते. शिम काढली की घट्टी वाढते, घातली की कमी होते. विलीजच्या प्रकारात वर आणि खाली शिमची जाडी जवळजवळ सारखी ठेवायची, नाहीतर आतला जॉइंट मध्यावरून सरकतो. घट्टी हाताच्या अंदाजाने ठरवू नये. गोळ्याचं सील, आतला शाफ्ट आणि टाय रॉड काढलेला असताना स्टिअरिंग आर्मच्या भोकात ताणकाटा अडकवायचा, आर्मला काटकोनात ओढायचा, आणि नकल सावकाश फिरत असतानाचा आकडा वाचायचा. सुटतानाचा पहिला झटका धरायचा नाही. आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला. सील लावल्यावर मोजलं तर सीलचं घर्षण त्यात मिसळतं, आणि बेअरिंग ढिलं असूनही आकडा बरोबर दिसतो.

गोळ्याच्या पृष्ठभागावर गंजाचे खड्डे असतील तर नवं सील काही दिवसांतच कापलं जाऊन तेल गळतं. बारीक खड्डे धातूच्या इपॉक्सीने भरून ४०० आणि मग ८०० च्या पॉलिश पेपरने गुळगुळीत केले तर निभावतं. नखाला अडकणारे खोल खड्डे असतील तर गोळाच बदलावा. गळती फारच त्रास देत असेल तर तेलाऐवजी या कामासाठी मिळणारं अर्धप्रवाही ग्रीस घालतात, आणि ते चांगलं चालतं.

चाकाचं बेअरिंग काढल्यावर जुन्या कड्यावर निळसर डाग किंवा टोचल्यासारखे ठिपके दिसले तर बेअरिंग आणि कडं दोन्ही जोडीने बदलायचं. नवं कडं पितळी पहारेने चारी बाजूंनी थोडं थोडं ठोकायचं. तळाला टेकलं की ठोक्याचा आवाज बदलून टणक होतो. ग्रीस तळहातावर घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहायचं, रोलरच्या मधून दुसऱ्या बाजूने ग्रीसचे टिपके वर येईपर्यंत. वरून नुसतं फासलेलं ग्रीस आत पोचत नाही. नट आवळताना हब सतत फिरवत राहायचा म्हणजे रोलर नीट बसतात. फिरणं जड झालं की साधारण फेऱ्याच्या सहाव्या भागाइतकं मागे घ्यायचं, पत्र्याची वॉशर आणि बाहेरचा नट लावायचा, आणि मग पुन्हा तपासायचं. बाहेरचा नट आवळताना आतला नट थोडा पुढे ढकलला जातो, त्यामुळे आधी बरोबर असलेला खेळ नाहीसा होतो. डायल गेज असेल तर शेवटी हबचा खेळ मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास राहावा. नेमका आकडा मॅन्युअलचा.

हे सगळं झाल्यावरच स्टिअरिंग बॉक्सला हात लावायचा. चाकं सरळ ठेवून, ड्रॅग लिंक (बॉक्सपासून चाकांकडे जाणारा दांडा) सोडून, मधल्या जागी स्क्रू जुळवायचा. बॉक्स मध्यावर जास्त झिजतो. कडेला जुळवला तर मध्ये ढिला राहतो, आणि मध्यावरची झीज पूर्ण मारायला गेलात तर कडेला अडकतो.

टो-इन (पुढची चाकं समोरून किंचित आत वळलेली असणं) घरी मोजता येतं. पुढचं चाक उचलून टायरच्या मध्यावर खडू फासायचा, स्टँडला बांधलेला खिळा टेकवून चाक फिरवायचं, बारीक रेघ उमटते. दोन्ही चाकांना असं करून गाडी खाली घ्यायची, थोडी पुढे ढकलायची, आणि हबच्या उंचीवर पुढच्या व मागच्या बाजूला दोन रेघांमधलं अंतर मोजायचं. पुढचं अंतर १ ते २.५ मिलिमीटर कमी असेल तर अशा बहुतेक गाड्यांना चालतं.

दोन्ही धुऱ्यांचं गुणोत्तर

चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे किती फेरे होतात हे गुणोत्तर दोन्ही धुऱ्यांत सारखं हवं. ही तपासणी फार थोडे लोक करतात आणि तिच्याअभावी ट्रान्सफर केस फुटतात. जुन्या गाडीचा एखादा धुरा कधीतरी दुसऱ्या गाडीचा बसवलेला असू शकतो. लष्करी विलीज एमबीचं डिफरन्शियल ४.८८ चं, नंतर आलेल्या सिव्हिलियन सीजे-२ए चं ५.३८ चं. बाहेरून फरक दिसत नाही. पुढे एक आणि मागे दुसरं बसलं तर फोर व्हीलमध्ये दर दहा मीटरला जवळजवळ एक मीटर चाकांना घसटावंच लागतं.

मोजायला ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये, एक चाक जमिनीवर, दुसरं उचललेलं. प्रोपेलर शाफ्टवर आणि चाकावर खडूची खूण. उचललेलं चाक दोन पूर्ण फेरे फिरवायचं आणि शाफ्टचे फेरे मोजायचे. एक चाक थांबलेलं असताना दुसऱ्याचे दोन फेरे म्हणजे क्राउनचा (डिफरन्शियलच्या मोठ्या गिअरचा) एक फेरा, त्यामुळे शाफ्टचे जे फेरे येतील तेच गुणोत्तर. वीस फेरे फिरवून दहाने भागलं तर दशांश अपूर्णांकही नीट कळतो. पुढच्या हबला फ्री व्हील (चाक धुऱ्यापासून मोकळं करणारी कळ) असेल तर ते आधी लॉक करायला हवं.

याच कारणाने चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्या झिजलेले हवेत. आणि पार्ट टाइम फोर व्हील कोरड्या, घट्ट रस्त्यावर लावायचं नाही. वळणात पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा मार्ग कापतात, मध्ये डिफरन्शियल नसल्याने तो फरक सोडायला जागा नसते, आणि सगळा पीळ गिअर आणि क्रॉसवर (शाफ्टच्या सांध्यांवर) येतो. लिव्हर अडकून निघत नसेल तर बहुधा हाच पीळ असतो. गाडी थोडी मागे घेतली की सुटतो.

प्रोपेलर शाफ्ट काढण्याआधी सरकत्या सांध्याच्या दोन्ही भागांवर खूण करायची. दोन्ही टोकांचे काटे एकाच पातळीत बसले पाहिजेत, एक खाच चुकली तरी वेगात थरथर येते.

ट्रान्सफर केस आणि तेल

विलीजच्या प्रकारात गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसमधलं सील गेलं की एकाची पातळी घटते आणि दुसऱ्याची वाढते. जमिनीवर थेंब नसतो, त्यामुळे गळती लक्षात येत नाही. म्हणून दोन्हींची पातळी एकत्रच तपासावी. तेलाच्या बाबतीत, पितळी सिंक्रो (गिअर जुळवणारी कडी) असलेल्या गिअरबॉक्सला जीएल-४ दर्जाचं, हायपॉइड गिअरच्या डिफरन्शियलला जीएल-५ दर्जाचं. काही जीएल-५ तेलांतली रसायनं पितळ खातात. तेल बदलताना आधी भरायचा प्लग सुटतो का ते बघायचं आणि मगच खालचा सोडायचा. धुऱ्याचा श्वासनळीसारखा ब्रीदर साफ करावा. तो बुजला की गरम हवेच्या दाबाने नवं सीलही गळतं.

ब्रेक

जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो. ड्रममधली भुकटी हवेने उडवायची नाही, ओली करून पुसायची आणि फडकं पिशवीत बांधून टाकायचं. व्हील सिलिंडरच्या आत खड्डे असतील तर नुसती रबर किट घालून चालत नाही, सिलिंडरच बदलायचा. पाइप ४.७५ मिलिमीटरचा, स्टीलचा किंवा तांबं-निकेल मिश्रधातूचा. शुद्ध तांबं कंपनाने कडक होऊन तडकतं. टोकाचा फ्लेअर (पाइपचं पसरवलेलं तोंड) जुन्या नटाच्या आकाराशी जुळणाराच हवा.

पेडल खोल जातं म्हणून लोक पुन्हा पुन्हा हवा काढत बसतात, खरं म्हणजे शू ड्रमपासून लांब असतात. आधी शू जुळवायचे: ड्रमला टेकेपर्यंत, मग चाक मोकळं फिरेपर्यंत मागे. नंतर मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून हवा काढत जवळ यायचं. पेडलचा दांडा आणि मास्टर सिलिंडरच्या पिस्टनमध्ये एखादा मिलिमीटर मोकळीक राहिलीच पाहिजे. ती नसेल तर परतीचं बारीक भोक झाकलेलं राहतं, तेल गरम होऊन फुगतं, आणि काही किलोमीटरवर ब्रेक आपोआप लागतात.

इंजिन, इंधन, वायरिंग

बराच काळ बंद असलेलं इंजिन थेट स्टार्टरने फिरवू नये. प्लग किंवा इंजेक्टर काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडायचं, रात्रभर ठेवायचं, आणि क्रँकच्या पुलीवर पाना लावून हाताने फिरवायचं. मग कॉम्प्रेशन: सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, प्रत्येकाला पाच-सहा ठोके. आकड्यापेक्षा सिलिंडरमधला फरक जास्त बोलतो. एखाद्यात कमी आला तर तिथे पुन्हा चमचाभर तेल घालून मोजायचं. वाढला तर रिंग, तसाच राहिला तर व्हॉल्व किंवा गास्केट.

जुनं पेट्रोल टाकीत डिंकासारखं होतं, ते काढून टाकी धुवावी. आतला गंज सायट्रिक अॅसिडच्या पाण्याने निघतो, नंतर भरपूर पाण्याने धुऊन लगेच वाळवावी. रबरी नळ्या सगळ्या बदलाव्यात, इथेनॉल असलेलं पेट्रोल जुन्या रबराला मऊ करतं. डिझेलची हवा काढताना आधी फिल्टर, मग पंप, मग इंजेक्टरचे नट. इंजेक्टरच्या फवाऱ्याजवळ हात नेऊ नये, तो दाब कातडीतून आत जातो.

वायरिंगमध्ये निम्मे दोष अर्थिंगचे. स्टार्टर फिरत असताना बॅटरीची निगेटिव्ह आणि इंजिन ब्लॉक यांच्यात मीटर लावायचा; ०.३ व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थची पट्टी किंवा तिची जागा खराब. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतो, बॅटरी जोडण्याआधी ते बघून घ्यावं.

पहिली फेरी

पहिली फेरी पाच किलोमीटरची, कमी वेगाने. थांबल्यावर चारही हबवर हाताची मागची बाजू जवळ नेऊन बघायची. एकच हब बाकीच्यांहून गरम असेल तर तिथलं बेअरिंग घट्ट आहे किंवा शू घासतोय. मग चाक उचलून हाताने फिरवायचं: घासल्याचा आवाज आला तर शू, आवाजाशिवाय जड फिरलं तर बेअरिंग. चाकांचे नट त्याच दिवशी, आणि यू-बोल्ट शंभरेक किलोमीटरनंतर, गाडी चाकांवर उभी असताना पुन्हा आवळायचे. नवे पाटे त्या अवधीत एकमेकांवर बसतात आणि बोल्ट हमखास अर्धा फेरा तरी घेतात.